खाट क्रमांक सतरा

शिडी भिंतीला टेकवून लोकेश फिरके म्हणाला,
झोपेमावशी, तुमच्या घराला बाहेरून पत्ताच नाही.

अंगणातल्या निंबाला टांगलाय एक तापमापक,
भाच्यानं डबीत बसवलेला,
भुसावळचा मे दर पाच मिनिटांनी लिहून ठेवणारा.
इटारसीच्या सुखवंतीला तो तिथूनच दिसावा एवढंच होतं.
शेहेचाळीस म्हटलं की ती म्हणते, फेकू नको.

तर लोकेश सांगत होता:
त्र्याहत्तर घरांना मिळून कंपनीचा एकच आकडा.
आत ज्याचा त्याला वेगळा,
पण तो फाटकाबाहेर चालत नाही, कूपनासारखा.
निघालेल्या प्रत्येक निरोपावर फाटक आपला शिक्का मारतं
आणि टिपून ठेवतं, कोणाचं उत्तर कुठल्या दारी.
आपणहून आलेल्याला मात्र विचारतं, कोणाकडे?
त्याला सांगता येत नाही.
तो उभा राहतो. मग राहत नाही.

आकडे संपले ना मावशी, जगातलेच.
हे असंच राहते आता.

मला शिकवतो का रे.
आडनाव झोपे, आणि एकतीस वर्षं
रेल्वेच्या रनिंग रूममध्ये मी दुसऱ्यांची झोप वाटली.
पहाटे तीनला मालगाडी टेकवून ड्रायव्हर यायचा,
डोळ्यांत बडनेऱ्यापासूनची धूळ;
रजिस्टर उघडायचं, रिकामी खाट बघायची,
सही, आठ तास.
बारा नंबर म्हणजे कोण?
सकाळी इगतपुरीचा, दुपारी खंडव्याचा,
रात्री नुसती गादी.
कोणाची गाडी लेट, तर मुदत वाढवून द्यायची.
कोणी न सांगता गेला, तर आठ तास भरेस्तोवर
खाट त्याच्याच नावानं पडून.

परवा विजेचं बिल भरताना पडदा म्हणाला,
या पत्त्यावरून फार वेळा चुकीचा प्रयत्न झालाय, नंतर या.
त्र्याहत्तरांतला कोण?
संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना
मी एकेका खिडकीकडे उगाच बघत राहिले.

कायमचा पण मिळतो, लोकेश म्हणाला, महिन्याला दोनशे जास्त.
कायमचा म्हणजे किती?
तो शिडीवर थांबला. भराल तोवर.

भरले, पेन्शनीतून.
केबलच्या पावतीमागं त्यानं लिहून दिला आकडा,
तीन ठिपके, चार तुकडे, शेवटी सतरा.
दुपारी सुखवंतीचा निरोप:
शेहेचाळीस पूर्णांक तीन. पाणी पी.

रात्री भाच्यानं नोंद दाखवली,
कोण कोण दार वाजवून गेलं.
हे सगळे भुरटे, म्हणाला, जगभर कुलपं हलवत फिरतात,
मनावर घेऊ नको.
पण एक आहे.
दर दहा मिनिटांनी येतो, न चुकता,
कुठल्या तरी कॅमेऱ्याची चौकशी करतो.
आपल्याकडे कॅमेरा नाही.
तुझ्याआधी हा आकडा ज्याचा असेल त्याचा कोणीतरी.
मोबाइलात जुना पत्ता राहून गेला असेल.
दुकान बघत असेल, गोठा बघत असेल,
पाळणा.

मला तो ओळखीचा वाटला.
सतरा नंबरला असेच फोन यायचे त्या काळ्या डबड्यावर,
बायकोचा, आईचा,
एकदा पोराचा, ज्याला वडलांचं आडनाव नीट येत नव्हतं.
मी म्हणायची, गेले हो, सव्वाचारच्या गाडीवर.
पोचले की करतील.
आणि चादर ओढून काढायची. ती गरम असायची.

यंत्र त्याला एवढंच म्हणतं: सापडलं नाही.
परत दहा मिनिटांनी: सापडलं नाही.

भाच्याला म्हटलं, तिथं एक ओळ लिहिता येते का?
येते. काय लिहू?
लिही, ते इथून गेले.
खाट दुसऱ्याला दिलीय.
गाडीचं नाव विचारायचं राहून गेलं.